मर्सिडीज-बेंझ ३००

मर्सिडीज-बेंझ ३०० ही पश्चिम जर्मनीतील डाइमलर-बेंझ कंपनीने १९५१ ते १९६२ या काळात तयार केलेली आलिशान मोटार होय. कंपनीच्या अंतर्गत नोंदींमध्ये सुरुवातीच्या आवृत्त्यांचा संकेतांक डब्ल्यू १८६, तर १९५७ नंतरच्या आवृत्तीचा डब्ल्यू १८९ असा होता. पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांनी शासकीय वाहन म्हणून या मालिकेतील गाड्या दीर्घकाळ वापरल्या. त्यामुळे लोकांमध्ये ही मोटार 'आडेनाउअर' या नावानेच ओळखली जाऊ लागली. हे नाव कंपनीने दिलेले नव्हते.

चार दरवाजांची बंद सेडान आणि चार दरवाजांचीच उघडी कॅब्रिओलेट डी अशा दोन प्रकारांत मिळून या मालिकेतील ११,४३० गाड्या तयार झाल्या. मोटारींच्या इतिहासात हिचे स्थान केवळ ऐषआरामामुळे निर्माण झालेले नाही. दुसऱ्या महायुद्धात पूर्णपणे पराभूत झालेल्या देशाने सहा वर्षांच्या आत पुन्हा उच्च दर्जाचे अभियांत्रिकी उत्पादन जगापुढे ठेवले, याची ती खूण मानली जाते. बाह्यरूपाने परंपरागत आणि यंत्ररचनेने आधुनिक असलेल्या या गाडीत त्या काळातील पश्चिम जर्मनीची मनोभूमिकाही दिसून येते. आज सुस्थितीत उरलेल्या गाड्यांना संग्राहक व इतिहासकार महत्त्व देतात ते याच कारणामुळे.

पार्श्वभूमी

युद्धापूर्वी आणि युद्धकाळात डाइमलर-बेंझ ही जर्मनीतील एक प्रमुख वाहन व इंजिन उत्पादक कंपनी होती. तिची 'ग्रोसर मर्सिडीज' म्हणून ओळखली जाणारी ७७० ही अवाढव्य मोटार नाझी नेतृत्वाच्या संचलनांमध्ये वापरली जात असे. युद्धकाळात कंपनीच्या कारखान्यांतून प्रामुख्याने लष्करी उत्पादन होत होते. १९४४ साली कंपनीत ६३,६१० लोक कामावर होते आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे सक्तीने आणलेले मजूर, युद्धकैदी किंवा छळछावण्यांतील बंदी होते. युद्धोत्तर काळातील कंपनीच्या यशाचा विचार करताना हा वारसा विसरता येत नाही.

१९४४ मधील बॉम्बहल्ल्यांत श्टुटगार्टजवळील उंटरट्युर्कहाइम आणि झिंडेलफिंगेन येथील कारखान्यांची मोठी हानी झाली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये, १९३६ पासून बनत असलेल्या १७० व्ही या साध्या चार-सिलिंडर गाडीपासून उत्पादनास पुन्हा सुरुवात झाली. आरंभी तिच्यावर आधारित मालवाहू गाड्या, रुग्णवाहिका आणि पोलिसांची वाहने तयार केली जात होती; प्रवासी मोटारी नंतर आल्या. जून १९४८ मधील चलनसुधारणेने पश्चिम जर्मनीची बाजारपेठ सावरू लागली आणि १९४९ मध्ये संघीय गणराज्याची स्थापना झाली.

नव्या राज्याचे सार्वभौमत्व सुरुवातीस मर्यादित होते. दोस्त राष्ट्रांच्या ताबा-संहितेनुसार परराष्ट्र व्यवहाराचे अधिकार त्याच्याकडे नव्हते. मार्च १९५१ मध्ये ही संहिता सैल करण्यात आल्यावर परराष्ट्र मंत्रालय स्थापन झाले आणि आडेनाउअर यांनी चॅन्सेलरपदाबरोबर परराष्ट्रमंत्रिपदही स्वीकारले. त्यानंतर महिन्याभरातच, एप्रिल १९५१ मध्ये, फ्रँकफर्ट येथील आंतरराष्ट्रीय मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझ ३०० प्रथम मांडण्यात आली. युद्धापूर्वी हे प्रदर्शन बर्लिनमध्ये भरत असे. फ्रँकफर्टमधील हे पहिलेच होते. परदेशी राजदूत व राष्ट्रप्रमुखांशी नव्याने संबंध जोडू पाहणाऱ्या सरकारला शोभेल असे स्वदेशी वाहन अगदी याच वेळी उपलब्ध झाले.

बाह्यरूप आणि अंतर्भाग

१९५१ साली अनेक अमेरिकी आणि काही युरोपीय मोटारींमध्ये पुढची चाकझाकणे मुख्य काठ्यात सामावून घेण्याची नवी पद्धत रूढ होत होती. मर्सिडीज-बेंझ ३०० च्या आरेखनकारांनी मात्र जुन्या परंपरेशी नाते राखले. उंच उभी जाळी, तिच्यावरील तीन टोकांचा तारा, स्वतंत्र दिसणारी गोलाकार चाकझाकणे आणि लांब बॉनेट ही तिची ठळक वैशिष्ट्ये होती. सेडानची लांबी सुमारे ४.९५ मीटर, पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ३.०५ मीटर, तर वजन सुमारे १,७८० किलोग्रॅम होते.

आतील भागात मोठ्या आकाराची आसने, लाकडी पट्ट्या आणि उत्तम प्रतीचे कापड किंवा चामडे वापरलेले असे. सहा माणसे आरामात बसू शकत. ही गाडी स्वतः चालवणाऱ्या मालकासाठी जितकी उपयुक्त होती तितकीच चालक ठेवून मागे बसणाऱ्या उद्योगपतीसाठी किंवा मंत्र्यासाठीही होती. तिचा डौल संयत होता. ७७० सारख्या मोटारीचा दरारा निर्माण करणारा आकार तिच्यात नव्हता आणि ही बाब नव्या लोकशाही राज्याच्या दृष्टीने सोयीची ठरली.

यंत्ररचना

इंजिन

गाडीत एम १८६ या संकेतांकाचे सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे, २,९९६ घन सेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन होते. सिलिंडरचा व्यास ८५ मिलिमीटर आणि दट्ट्याचा फेरा ८८ मिलिमीटर होता. दोन सोलेक्स कार्ब्युरेटरांच्या साहाय्याने ते ११५ अश्वशक्ती निर्माण करी. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट सिलिंडरच्या वरच्या भागात बसवलेला होता. गाडीचा कमाल वेग ताशी सुमारे १५५ ते १६० किलोमीटर होता.

या इंजिनाचे वैशिष्ट्य म्हणजे सिलिंडरचा ठोकळा आणि त्यावरील झाकण म्हणजेच हेड यांच्यामधील सांधा आडवा नसून तिरका होता. सामान्य इंजिनात हेडच्या खालच्या बाजूस असलेल्या खोलगट भागात इंधनाचे ज्वलन होते. येथे तिरक्या सांध्यामुळे ज्वलनाची जागा मुख्यतः ठोकळ्यातच तयार झाली आणि हेडमध्ये मोठ्या आकाराच्या झडपा बसवणे शक्य झाले. झडपा मोठ्या असल्या की इंजिनाला हवा आत घेणे व धूर बाहेर टाकणे सुलभ होते आणि वेगात अधिक शक्ती मिळते. तेल थंड ठेवण्याची व्यवस्था, पाण्याची खोल आवरणे आणि कठीण केलेला क्रँकशाफ्ट यांमुळे महामार्गावर दीर्घकाळ वेगाने धावतानाही इंजिन टिकून राही.

प्रारंभी या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ६.४ : १ इतके कमी ठेवले होते. त्या वेळी मिळणारे पेट्रोल हलक्या प्रतीचे होते. अशा इंधनावर अधिक संपीडन असलेले इंजिन चालवल्यास अकाली ज्वलन होऊन आतील भागांना इजा पोहोचते. पुढे चांगले इंधन मिळू लागल्यावर हे गुणोत्तर वाढवण्यात आले आणि शक्तीही वाढली. अशा रीतीने एकाच इंजिनाच्या बदलत्या आकड्यांमधून देशाची सावरत जाणारी परिस्थितीही वाचता येते.

सांगाडा आणि सस्पेन्शन

गाडीचा काठा एका स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर बसवलेला होता. हा सांगाडा लंबगोल छेदाच्या नळ्यांचा असून वरून पाहिल्यास इंग्रजी 'एक्स' अक्षरासारखा दिसे. १९३६ च्या १७० व्ही मध्येही याच तत्त्वाचा सांगाडा होता. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते. पुढे दुहेरी त्रिकोणी भुजा आणि मागे दोलन आस, म्हणजे मधल्या गिअरपेटीपासून दोन्ही बाजूंना वर-खाली हलू शकणारे अर्धे आस, अशी रचना होती.

दोलन आसाची एक अडचण असते. मागे प्रवासी व सामान यांचा भार वाढला की गाडीची मागील बाजू खाली बसते, चाकांचा कोन बदलतो आणि वळणावर गाडीची पकड बिघडते. यावर अभियंत्यांनी विजेवर चालणारी समतोल-यंत्रणा बसवली. चालकाने समोरच्या फलकावरील कळ फिरवली की एक विद्युत मोटर मागील बाजूच्या जादा पीळ-दांड्यांना ताण देई आणि खाली बसलेली गाडी पुन्हा पूर्वीच्या उंचीवर येई. पुढील काळात मोठ्या मोटारींमध्ये रूढ झालेल्या स्वयंचलित समतोल-यंत्रणांची ही पूर्वसूरी म्हणता येईल.

याखेरीज सांगाड्याच्या सांध्यांना तेल पुरवण्यासाठी पायाने दाबायचा मध्यवर्ती वंगणपंप होता. त्या काळी प्रत्येक सांध्यात स्वतंत्रपणे ग्रीस भरावे लागे. या गाडीत ठरावीक अंतरानंतर चालकाने पेडल दाबले की तेल नळ्यांमधून थेट त्या जागी पोहोचत असे. चार गतींची, सर्व गती समकालिक असलेली गिअरपेटी सुकाणूखालील दांड्याने बदलता येत होती.

आवृत्त्या

मालिकेतील मुख्य आवृत्त्या पुढीलप्रमाणे होत :

३०० (१९५१–१९५४) : मूळ आवृत्ती, ११५ अश्वशक्ती.

३०० बी (१९५४–१९५५) : इंजिनाची शक्ती १२५ अश्वशक्ती, मोठे ब्रेक ड्रम आणि पुढील दरवाजांना हवा येण्यासाठी छोट्या त्रिकोणी काचा. मूळ ३०० व ३०० बी मिळून ६,२१४ सेडान आणि ५९१ कॅब्रिओलेट डी तयार झाल्या.

३०० सी (१९५५–१९५७) : मोठी मागील काच आणि हवी असल्यास स्वयंचलित गिअरपेटी. १,४३२ सेडान आणि केवळ ५१ कॅब्रिओलेट डी तयार झाल्या.

३०० डी, डब्ल्यू १८९ (१९५७–१९६२) : आसांमधील अंतर १० सेंटिमीटरने वाढवून ३.१५ मीटर करण्यात आले. बॉशच्या फ्युएल इंजेक्शन यंत्रणेमुळे शक्ती १६० अश्वशक्तीपर्यंत गेली. बाजूच्या सर्व काचा खाली केल्या की पुढच्या व मागच्या दरवाजांमध्ये खांब उरत नसे. ३,०७७ सेडान आणि ६५ कॅब्रिओलेट डी तयार झाल्या.

येथे नावांबाबत एक गल्लत टाळणे आवश्यक आहे. कॅब्रिओलेट डी मधील 'डी' हे अक्षर काठ्याचा प्रकार दाखवते, तर ३०० डी मधील 'डी' हे आवृत्तीचा क्रम दाखवते. कंपनीच्या इतर गाड्यांमध्ये याच अक्षराचा अर्थ डिझेल असा होई. ३०० डी मात्र पेट्रोलवरच चालणारी होती.

किंमत आणि ग्राहक

१९५१ मध्ये सेडानची किंमत १९,९०० डॉइच मार्क होती. त्या वर्षी पश्चिम जर्मनीत निवृत्तिवेतन विम्यासाठी धरलेले सरासरी वार्षिक वेतन ३,५७९ मार्क होते. म्हणजेच सामान्य नोकरदाराच्या सुमारे साडेपाच वर्षांच्या पूर्ण कमाईएवढी ही किंमत होती. ३०० डी ची किंमत पुढे २७,००० मार्कांवर गेली. साहजिकच ग्राहकांमध्ये उद्योगपती, मोठे व्यावसायिक, शासकीय कार्यालये आणि परदेशी राज्यकर्ते यांचा भरणा होता.

देशांतर्गत स्पर्धा फारशी नव्हती. म्युनिक येथील बीएमडब्ल्यू कंपनीने त्याच फ्रँकफर्ट प्रदर्शनात आपली ५०१ ही मोटार मांडली होती. परंतु युद्धापूर्वी मोटारी बनवणारा बीएमडब्ल्यूचा आयझेनाख येथील कारखाना सोव्हिएत अंमलाखालील भागात गेला होता. त्यामुळे ५०१ चे उत्पादन १९५२ मध्ये सुरू झाले. तिचे सुमारे दोन लिटरचे इंजिन ६५ अश्वशक्तीचे होते आणि तिची पायरी मर्सिडीज-बेंझ ३०० च्या खालची होती. १९५४ मध्ये बीएमडब्ल्यूने ५०२ ही आठ सिलिंडरांची गाडी आणली, तोवर ३०० चे स्थान पक्के झाले होते.

आडेनाउअर आणि इतर शासकीय वापर

कोनराड आडेनाउअर १९४९ ते १९६३ या काळात चॅन्सेलर होते. १९५१ साली त्यांचे वय ७५ वर्षांचे होते. ते ऱ्हाइन नदीच्या पूर्व काठावरील ऱ्योनडॉर्फ येथे राहत आणि पश्चिम काठावरील बॉन येथील कार्यालयात जात. कारकिर्दीत त्यांनी या मालिकेतील अनेक गाड्या वापरल्या. राष्ट्रप्रमुखांच्या भेटी, करार आणि शासकीय समारंभ यांच्या छायाचित्रांत ही काळी मोटार वारंवार दिसू लागली आणि चॅन्सेलर व मोटार यांची नावे एकमेकांशी जोडली गेली. मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीला सार्वभौमत्व मिळाले, तेव्हा ही जोडी लोकांच्या चांगलीच परिचयाची झाली होती.

१९६० मध्ये कंपनीने पोप जॉन तेविसावे यांच्यासाठी ३०० डी वर आधारित खास लँडोलेट तयार केली. या प्रकारात मागील आसनावरील छत उघडता येते, त्यामुळे पोप यांना जमावास दर्शन देणे सोयीचे होई. त्यासाठी गाडीची लांबी वाढवून छत उंच करण्यात आले होते.

कंपनीने स्वतःच्या चाचणी विभागासाठीही एक ३०० वेगळ्या रूपात बांधली. मागे काचांचा मोठा कक्ष असलेल्या या गाडीत मोजमापाची उपकरणे बसवली होती. चाचणी होत असलेल्या मोटारीला ती तारेने जोडून तिच्यामागून धावे व नोंदी घेई.

क्रीडा मोटारींशी नाते

या सेडानचे इंजिन पुढे फार वेगळ्या क्षेत्रात गाजले. डब्ल्यू १९४ या संकेतांकाच्या ३०० एसएल शर्यती मोटारीसाठी तेच इंजिन आधार म्हणून घेण्यात आले आणि बॉनेट खाली ठेवता यावे म्हणून ते एका बाजूस कलते बसवण्यात आले. १९५२ मध्ये या मोटारींनी फ्रान्समधील ले माँ येथील २४ तासांची शर्यत आणि मेक्सिकोतील कारेरा पानामेरिकाना या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. त्यातूनच १९५४ मध्ये पंखांसारखे वर उघडणाऱ्या दरवाजांची प्रसिद्ध ३०० एसएल बाजारात आली. दोन दरवाजांची ३०० एस व तिची इंजेक्शनयुक्त आवृत्ती ३०० एससी याही याच कुटुंबातील गाड्या असून त्यांची एकूण संख्या ७६० होती.

जतन आणि मूल्यमापन

मर्यादित उत्पादनामुळे आज या मालिकेतील गाड्या तुलनेने दुर्मीळ आहेत. त्यांतही कॅब्रिओलेट डी विशेष दुर्मीळ आहे. जुन्या मोटारीच्या संदर्भात 'सुस्थितीतील' या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि त्यांतील फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे. पहिला अर्थ म्हणजे मूळ रंग, आसने, लाकूड व यंत्रभाग शक्य तितके न बदलता जपलेली गाडी. दुसरा अर्थ म्हणजे पूर्णपणे सुटी करून नव्यासारखी पुनर्बांधणी केलेली गाडी. दुसरी गाडी अधिक चकचकीत दिसते. परंतु १९५० च्या दशकात कारखान्यात रंग कसा दिला जाई, शिवण कशी घातली जाई, कोणता भाग कसा जोडला जाई याचा प्रत्यक्ष पुरावा पहिलीतच शिल्लक असतो. एकदा खरवडून काढलेला मूळ रंग परत मिळवता येत नाही.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजेच 'फिवा' या संस्थेने, स्वीकारलेली ट्युरिन सनद हेच तत्त्व मांडते. वाहनाचे जतन करताना शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा, केलेल्या बदलांची नोंद ठेवावी आणि कालौघात उमटलेल्या खुणांचाही आदर राखावा, असा तिचा आशय आहे. जर्मनीत १९९७ पासून ऐतिहासिक वाहनांना 'एच' अक्षर असलेली वेगळी नोंदणी मिळते. त्यासाठी गाडी किमान ३० वर्षे जुनी, मोठ्या प्रमाणात मूळ स्थितीत आणि चांगल्या अवस्थेत असावी लागते. बाजारातील मूल्यांकनासाठी तेथे १ ते ५ अशी श्रेणीही वापरतात. १ म्हणजे निर्दोष आणि ५ म्हणजे पुनर्बांधणीची गरज असलेली.

एखादी ३०० तपासताना जाणकार प्रथम कागदपत्रे पाहतात. कारखान्याच्या मूळ नोंदपत्रावर सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक, रंग, आसनांचे साहित्य आणि मागवलेल्या विशेष सोयी यांचा उल्लेख असतो. हे तपशील गाडीशी जुळले तर तिची अस्सलता सिद्ध होण्यास मदत होते. त्यानंतर सांगाड्याच्या नळ्या, दरवाजांखालील पट्ट्या आणि सामानकक्षाचा तळ येथील गंज तपासला जातो. मध्यवर्ती वंगणाच्या नळ्या तुंबलेल्या असल्यास सांधे कोरडे राहून झिजतात. समतोल-यंत्रणा व ३०० डी मधील इंजेक्शन पंप हे भाग दुरुस्त करण्यास विशेष कौशल्य लागते. म्हणून वरून सुंदर दिसणारी परंतु हे भाग बंद पडलेली गाडी खऱ्या अर्थाने सुस्थितीत आहे असे मानत नाहीत.

बॉन येथील हाउस डेर गेशिश्टे या समकालीन इतिहासाच्या संग्रहालयात आडेनाउअर यांच्या शासकीय वापरातील मर्सिडीज-बेंझ ३०० जतन केलेली आहे. पोप यांची लँडोलेट श्टुटगार्ट येथील मर्सिडीज-बेंझ संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

उत्पादनाची अखेर आणि वारसा

ज्या वर्षी ३०० प्रदर्शित झाली, त्याच १९५१ मध्ये डाइमलर-बेंझमधील अभियंते बेला बारेन्यी यांच्या कल्पनेसाठी एकस्व-अर्ज करण्यात आला होता. अपघातात मोटारीचा पुढचा व मागचा भाग चेपला जाऊन धक्का शोषून घेईल आणि मधला प्रवासी कक्ष मजबूत राहील, अशी ती रचना होती. १९५९ मध्ये कंपनीच्या डब्ल्यू १११ या मालिकेत ती प्रत्यक्षात आली. स्वतंत्र सांगाड्यावर बांधलेली ३०० त्यापुढे जुन्या पद्धतीची वाटू लागली. आज रस्त्यावर चालवल्या जाणाऱ्या ३०० मध्येही असे संरक्षण नाही, हे तिच्या मालकांना ध्यानात ठेवावे लागते.

१९६१ मध्ये सांगाडाविरहित काठ्याची ३०० एसई आली आणि मार्च १९६२ मध्ये ३०० डी चे उत्पादन थांबले. राष्ट्रप्रमुखांच्या मोटारीची जागा १९६३ मध्ये सादर झालेल्या मर्सिडीज-बेंझ ६०० ने घेतली. तिच्यात ६.३ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते. आडेनाउअर यांनीही त्याच वर्षी पद सोडले. गाडीचा आणि तिला नाव देणाऱ्या राजकारण्याचा काळ असा जवळजवळ एकाच वेळी संपला. त्यामुळे पश्चिम जर्मनीच्या पुनर्रचनेच्या पहिल्या पर्वाचे प्रतीक म्हणून तिचा उल्लेख आजही केला जातो.